‘प्लॉट’ कोणता?

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



‘प्लॉट’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो इंग्रजी असल्याचेही आपण विसरतो. त्याचा मूळ अर्थ जमिनीचा तुकडा. पुढे जमिनीचा आराखडा, मग कोणतीही आखणी आणि अखेर गुप्त आखणी, म्हणजे कट, असा तो सरकत गेला. १६०५ साली लंडनचे पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडविण्याचा डाव फसला; इतिहासात तो ‘गनपावडर प्लॉट’ म्हणून नोंदला गेला. नाटक-कादंबरीच्या रचनेलाही तोच शब्द. मराठीने मात्र भूखंड, कट आणि कथानक असे तीन शब्द वेगळे ठेवले. या बाबतीत आपली भाषा अधिक काटेकोर आहे, असे मला वाटते.

डहाणू-तलासरीत याला आणखी एक अर्थ आहे. घोलवडचा बागायतदार चिकूच्या बागेला ‘वाडी’ म्हणतो. वारली बांधव ‘माझा प्लॉट’ म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते वनखात्याच्या हद्दीतील, बापजाद्यांपासून कसलेली नागली-वरईची उतरण. काहींना ती ‘एकसाली’, म्हणजे एका वर्षाच्या बोलीने मिळाली होती. अनेकांपाशी कागदच नव्हता. सरकारी दप्तरात हे सारे अतिक्रमणदार! २००६ च्या वनहक्क कायद्याने ही भाषा बदलली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या वनवासी कुटुंबाचा कमाल ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य झाला. गावातील वृद्धांचा लेखी जबाबही त्यासाठी पुरावा ठरतो.

आता मुंबईचा मध्यमवर्गीय ‘डहाणूकडे स्वस्तात प्लॉट आहे’ असे ऐकतो आणि लगेच भाव विचारतो. त्याने आधी ‘कोणता प्लॉट?’ हे विचारावे. वनहक्काचा पट्टा वारशाने मुलाबाळांकडे जातो, पण विकता येत नाही. वनवासींच्या मालकीच्या जमिनीचीही १९७४ च्या दुरुस्तीपासून शासनाच्या मान्यतेवाचून इतरांना विक्री होत नाही. तरीही कोणी साध्या कागदावर अंगठा घेऊन सौदा उरकू पाहतो. तेथे ‘प्लॉट’चा तो दुसरा, कटाचा अर्थ खरा होतो. घेणाऱ्याचे पैसे अडकतात आणि कसणाऱ्याच्या हातची जमीन जाते.

पट्ट्याविषयी एक गोष्ट शहरात फारशी ठाऊक नसते. विवाहितांच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. जिने त्या उतरणीवर जन्मभर नागली लावली, निंदली, कापली, तिचे नावही त्या कागदावर असते. सौदा करायला येणारा मात्र बहुधा एकट्या नवऱ्यालाच गाठतो.