शिखर हरवलेले चर्च
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



गणपतीच्या मांडवात चर्चवर काय बोलणार, असे एका मित्राने मला विचारले. पण महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण कोलकातावासी त्यांना व्हिक्टोरिया मेमोरियल दाखवतो आणि जवळचे सेंट पॉल्स कॅथेड्रल रस्त्यावरूनच दाखवून पुढे नेतो. मीही वर्षानुवर्षे ‘हे १८४७ पासून जसेच्या तसे उभे आहे’ असे ठोकून देत असे. एकदा कॉलेज स्ट्रीटवर एका जुन्या पुस्तकात त्याचे चित्र पाहिले आणि ओशाळलो. चित्रातल्या मनोऱ्यावर उंच, निमुळते शिखर होते. आज ते नाही!

त्याआधीचे कॅथेड्रल म्हणजे राजभवनाजवळचे १७८७ चे सेंट जॉन्स चर्च. त्याची जमीन महाराजा नवकृष्ण देव यांनी दिलेली. ज्या शोभाबाजार राजवाड्यातली दुर्गापूजा पाहायला आपण जातो, त्याच घराण्याचे हे पुरुष. पुढे ते चर्च अपुरे पडू लागले आणि बिशप डॅनियल विल्सन यांनी नव्या इमारतीचा ध्यास घेतला. पदरचा पैसाही घातला. १८३९ मध्ये पायाभरणी झाली.

आराखडा विल्यम नेअर्न फोर्ब्स यांचा. हे लष्करी इंजिनिअर. स्ट्रँड रोडवरची जुनी टांकसाळ त्यांचीच. आत गेलात की आधी वर पाहा. लांबी २४७ फूट, रुंदी ८१ फूट, आणि तरी मधे खांबांच्या रांगा नाहीत! छत लोखंडी कैच्यांवर तोललेले आहे.

शिखर मात्र दुर्दैवी. इंग्लंडमधल्या नॉर्विच कॅथेड्रलच्या धर्तीवर ते बांधले होते. १८९७ च्या आसाम भूकंपात त्याचा वरचा भाग मोडला. तो दुरुस्त केला. १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला आणि शिखर कोसळले. या वेळी मात्र जुने शिखर पुन्हा चढवले नाही. कँटरबरीच्या ‘बेल हॅरी’ मनोऱ्यासारखा चौकोनी माथ्याचा मनोरा बांधला. दोनदा मोडलेली गोष्ट तिसऱ्यांदा तशीच उभारायचा हट्ट त्यांनी धरला नाही, हे मला शहाणपणाचे वाटते. चित्रातली ती टोकदार रेषा सुंदर होती, हेही खरेच. माझ्या मनातून ती अजून जात नाही.

१८६४ च्या वादळात पूर्वेची मोठी खिडकी गेली होती. पश्चिमेची रंगीत काचांची खिडकी १८८० ची, बर्न-जोन्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली. अंदमानात १८७२ मध्ये खून झालेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे ते स्मारक आहे.

नाताळच्या आदल्या रात्री, बंगाली मंडळींच्या ‘बडोदिना’च्या गर्दीत, तिथे काहीच धड पाहता येत नाही. एखाद्या साध्या दिवशी जा, आणि उन्हे कलू लागल्यावर जा. खिडकी पश्चिमेची आहे.