लाडबोरीचे धातूचे कडे

२ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या सायंकाळी, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत माणसाच्या उंचीहून अधिक व्यासाचे जे धातूचे कडे आकाशातून येऊन पडले, ते पडण्यापूर्वी विदर्भातील असंख्य लोकांनी नभात ओळीने सरकणाऱ्या ज्वाला पाहिल्या होत्या. पुढे तालुक्याच्या शिवारांत काळ्या तंतूंनी घट्ट वेढलेले पोकळ गोळेही सापडले. प्रचंड दाबाखाली वायू साठविण्याची ती पात्रे. पोलिसांनी ऐवज ठाण्यात जमा केला, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीस आले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च’ अग्निबाणाचा हा अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले.

आज अशा घटनेची दखल घेतली जाते; पूर्वी मात्र आकाशातून दगड पडतात हेही विद्वानांना दीर्घकाळ मान्य नव्हते. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल येथे पाषाणवर्षाव झाला, तेव्हा बियो या शास्त्रज्ञाने खेडुतांच्या साक्षी गावोगाव हिंडून नोंदविल्या, म्हणूनच तो वाद मिटला. लाडबोरीकरांची साक्षही तितक्याच मोलाची आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात आकाशातून पडलेली अशी धातूची वस्तू आढळल्यास तिला हात लावू नये, कारण तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो; तहसील कचेरीस किंवा पोलीस ठाण्यास तत्काळ वर्दी द्यावी.