द्राक्षारसाचा भाव व मजुराचा रोज



पांझरेकांठच्या ह्या देवपुरांत महागाईची गोष्ट निघाली नाहीं असा दिवस जात नाहीं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. ३० जून २०११ पासून पावलीही चलनांतून गेली. परंतु नाण्यांच्या हिशेबानें महागाई कळत नाहीं. तिचें खरें माप दिवसाची मजुरी होय.

प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायांत दुष्काळाचा दर सांगितला आहे. दिवसभराच्या मजुरींत एकाच माणसास पुरेल इतका गहूं. तेल व द्राक्षारस यांस मात्र धक्का नाहीं. श्रीमंताचा प्याला भरलेला आणि मजुराची मुलें उपाशी, हीच खरी महागाई!

२०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा रोज २९७ रुपये होता. तेवढ्यांत नाशिकच्या चांगल्या द्राक्षारसाची एक बाटलीही येत नव्हती. आणि त्या मळ्यांत राबणारे हात मजुरांचेच!

दाखल्यांतील मळ्याच्या धन्यानें शेवटच्या तासास आलेल्यासही पुरा रोज दिला. त्याच्याही घरीं चूल होतीच. म्हणून ह्या महोत्सवीं, बाजारांत भाव विचारतांना, आपल्या दारीं राबणाऱ्याचा रोज आपण शेवटचा केव्हां वाढविला, हेंही प्रत्येकानें स्वतःस विचारावें.