राणीची बाग : गज गेले, काच आली

मुंबईस प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला काय काय दाखवावयाचे, याची यादी मुंबईकरांच्या घरोघरी ठरलेली असे. चौपाटी, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, गेटवे. आणि या सर्वांच्या अगोदर किंवा सर्वांच्या शेवटी, पण न चुकता, भायखळ्याची राणीची बाग. गिरणगावातील कामगार सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना आणि गावाहून आलेल्या नातेवाइकांना घेऊन चालतच तेथे जाई. घरून बांधून आणलेली भाजीपोळी झाडाखाली सोडली जाई, मुले हत्तीच्या पाठीवर बसून एक फेरी मारीत, आणि दिवस कारणी लागे. या साऱ्या सोहळ्याला खर्च किती येत असे, हे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हती. पश्चिम हिंदुस्थानातील कृषी व उद्यान संस्थेने ती लावली आणि मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीने १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिचे उद्घाटन केले. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला मिळाले ते तेव्हाच. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले होते. ज्यांच्या खटपटीने ते उभे राहिले त्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव १९७५ पासून त्याला दिलेले आहे. प्राणिसंग्रह म्हणजे या बागेला मागाहून फुटलेली फांदी. पुढे राणीचे नाव जाऊन वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव उद्यानास दिले गेले. फलकावरील राणी गेली आणि राजमाता आली. टॅक्सीवाल्याला सांगताना मात्र मुंबईकर अजून ‘राणीची बाग’ असेच म्हणतो.

हा पूर्वेतिहास सांगितल्यावाचून अलीकडील वादाचे मूळ कळत नाही. २००७ च्या सुमारास महापालिकेने बागेचा कायापालट करण्याची ४०० कोटींहून अधिक रुपयांची योजना पुढे मांडली, तेव्हा विरोधास प्रथम उभे राहिले ते प्राणिप्रेमी नव्हेत, तर वृक्षप्रेमी. सुमारे ५० एकरांच्या या आवारात तीन हजारांवर झाडे आहेत. गोरखचिंचेचे अवाढव्य खोड आहे, खोडालाच फुले येणारा कैलासपती आहे, खरा सीताअशोक आहे, आणि ब्रह्मदेशातून आलेली, लाल फुलांचे झुंबर लोंबविणारी उर्वशीही आहे. या मंडळींचे म्हणणे असे की, वाघ कोठेही ठेवता येईल, शंभर-दीडशे वर्षांचे झाड कोठेही नेता येणार नाही. मोठ्या पिंजऱ्यांसाठी झाडे तोडली, तर फांदीसाठी बुंधा कापल्यासारखे होईल. त्यांच्या चिकाटीला यश आले. वारसा-समितीनेही हरकत घेतली, आणि मूळ योजना पुष्कळ आटोपशीर करून मगच कामास हात घातला गेला.

तथापि जुने पिंजरे तसेच राहावेत, असेही कोणास म्हणता येण्याजोगे नव्हते. लोखंडी गज, सिमेंटची जमीन, कोपऱ्यात पाण्याचे भांडे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ठरावीक पावले टाकून त्याच जागी वळणारे जनावर, हे चित्र ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. मुलांना ती वाघाची ऐट वाटे. त्या येरझाऱ्या म्हणजे कोंडल्या जिवाला जडलेली व्याधी होय, हे प्राणिशास्त्रज्ञांनी पुढे सांगितले. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळे दाखविण्यास १९०७ मध्येच आरंभ केला होता. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय १९५९ मध्ये उघडले, ते याच पद्धतीने आखलेले. मुंबईने मात्र गज सोडावयास फार वेळ लावला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्याला जागा किती, आडोसा कसा, पाणी कोठे, यांचे नियम झाले. तेव्हापासून भायखळ्याचे जुने पिंजरे कायद्याच्याही डोळ्यांत सलू लागले. पुण्याने १९५३ पासून असलेल्या पेशवे पार्कातील प्राणी पुढे गावाबाहेर कात्रजला नेऊन हा प्रश्न सोडविला. मुंबईला असे बाहेर कोठे जावयाचे, हे सुचण्यासारखे नव्हते. म्हणून आहे त्याच जागेत नवे घडवावे लागले.

या नव्याचा पहिला मान वाघाला किंवा सिंहाला न मिळता पेंग्विनाला मिळाला. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन विमानाने मुंबईत आले. त्यांपैकी एक मादी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दगावली, आणि शहरात एकच गदारोळ उडाला. दमट हवेच्या गावी दूरदेशीचा थंड हवेतील पक्षी आणावाच कशाला, येथपासून तो सोलला परत पाठवा, येथपर्यंत मागण्या झाल्या. मार्च २०१७ मध्ये पेंग्विनांचे दालन लोकांसाठी उघडले गेले, आणि ज्यांनी वर्षभर टीका केली होती त्यांची मुलेही रांगेत उभी राहिली.

त्या रांगेत हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, “बर्फ कोठे आहे?” चित्रांत पाहिलेला पेंग्विन बर्फावर उभा असतो, काचेपलीकडे पाहावे तो खडक आणि पाणी. पैसे घेऊन बर्फही दाखवीत नाहीत, अशी काहींची तक्रार. वस्तुतः या एका बाबतीत दालन बांधणाऱ्यांची चूक नाही. हम्बोल्ट पेंग्विन हा बर्फाचा रहिवासीच नव्हे. पेरू आणि चिली या देशांचा किनारा हे त्याचे घर. किनारा जवळजवळ वाळवंटी, परंतु त्याला लागून वाहणारा समुद्रप्रवाह थंडगार. हम्बोल्ट हे त्या प्रवाहाचेच नाव. त्या पाण्यात मासळी विपुल, म्हणून तेथे समुद्रपक्ष्यांचे थवे, आणि त्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साठलेले थर. त्या थरांत बिळे कोरून हा पक्षी अंडी घालीत असे. एकोणिसाव्या शतकात जगातील शेतकऱ्यांना याच थरांचे ‘ग्वानो’ नावाचे खत हवेसे झाले, आणि बेटेच्या बेटे खरवडून जहाजांत भरली गेली. पेंग्विनाच्या पायाखालची जमीन खत म्हणून विकली गेली, असे म्हटले तरी चालेल. त्यातच काही वर्षांनी येणाऱ्या एल निन्योमुळे पाणी तापते, मासळी दूर जाते आणि पिले उपाशी मरतात. आज हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत आहे. भायखळ्यातील दालनाची हवा यंत्राने सोळा ते अठरा अंशांच्या आसपास राखावी लागते. रांगेतील बहुतेकांना यातील काहीच ठाऊक नसते. फलक असतात, पण मागून लोटणारी गर्दी फलक वाचू देत नाही.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी या दालनात पिल्लू जन्मले. भारतात पेंग्विनाचा जन्म झाल्याचा तो पहिला प्रसंग, तोही स्वातंत्र्यदिनी; वर्तमानपत्रांनी तो आनंदाने छापला. आठवड्याभरातच ते पिल्लू गेले. २०२१ मध्ये मात्र मे आणि ऑगस्ट या महिन्यांत जन्मलेली दोन पिले जगली, आणि पुढे त्यांची संख्या वाढत गेली. विरोधकांच्या म्हणण्यातील जोर त्यामुळे कमी झाला, संपला मात्र नाही. परमुलखातील पक्ष्याला यंत्राच्या थंडीत वाढविता आले, हे खरे. ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी हे शहर वसले आहे, त्या सह्याद्रीतील प्राण्यांसाठी तोच पैसा आणि तीच हौस का नाही, हा प्रश्न उरतोच. तो रास्त आहे.

परंतु सामान्य प्रेक्षक ज्यावर सर्वांत अधिक बोलला, तो विषय पेंग्विन नव्हे, तिकीट. १ ऑगस्ट २०१७ पूर्वी बागेत जावयास मोठ्या माणसाला ५ रुपये आणि मुलाला २ रुपये पडत. त्या दिवसापासून ते अनुक्रमे ५० आणि २५ झाले. आईवडील आणि दोन मुले असे कुटुंब असल्यास चौघांचे मिळून १०० रुपये, अशी सवलत ठेवण्यात आली. दर ठरविणाऱ्यांच्या बाजूने बोलावयाचे तर, पाच रुपयांत थंड दालने चालत नाहीत. आणि चित्रपटाच्या तिकिटापुढे हे पन्नास रुपये काहीच नव्हेत. स्वच्छता वाढली, रस्ते नीट झाले, बसावयास जागा झाल्या. याबद्दल समाधान व्यक्त करणारे प्रेक्षक पुष्कळ. गर्दीही ओसरली नाही, उलट वाढली.

तरीही त्या सवलतीतील ‘कुटुंब’ या शब्दावर क्षणभर थांबावे लागते. राणीच्या बागेत येणारे कुटुंब चौघांचे कधी होते? आईवडील आणि दोन मुले यांच्यासंगे आजी असावयाची, गावाहून आलेली मावशी आणि तिचा एखादा मुलगा असावयाचा. या सात जणांना पूर्वी २६ रुपये पडत. नव्या दराने, सवलत धरूनही, २२५ पडतात. हिशेब मोठा नाही, पण दिवसाच्या मजुरीवर घर चालविणाऱ्याच्या खिशात तो मोठाच असतो. असा माणूस तक्रारीचा अर्ज लिहीत नाही. तो आजीला म्हणतो, “तू बाहेर सावलीत बस”; किंवा मुलांना म्हणतो, “पुढच्या वेळी जाऊ.” प्रेक्षकांची मते गोळा करणारे बागेच्या आत फिरतात. फाटकावरून परत गेलेल्याचे मत त्या वहीत कोठून येणार?

२०२० च्या आरंभी पाखरांचे मोठे दालन खुले झाले. त्यात प्रेक्षकच जाळीच्या आत शिरतो आणि पक्षी त्याच्या डोक्यावरून उडतात. पिंजऱ्यात कोण, असा गमतीचा प्रश्न तेथे पडतो. त्याच फेब्रुवारीत तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. मधली बरीच वर्षे बागेत वाघच नव्हता. लोकांची त्यांच्याशी ओळख होते न होते तोच महामारीमुळे मार्चमध्ये बाग बंद झाली, ती १५ फेब्रुवारी २०२१ रोजी उघडली. वाघांना नव्या घरात रुळावयास जवळजवळ वर्षभराचा एकांत लाभला.

याच वाघांच्या काचेपुढे, बाग उघडल्यावर, एक नवी तक्रार जन्मास आली. वाघ दिसत नाही. जुन्या पिंजऱ्यात तो न दिसण्याची सोयच नव्हती. गजांमागे कोठेही उभा राहिला तरी तो डोळ्यांसमोर असे. आता त्याला गवत आहे, झुडुपे आहेत, पाण्याचे तळे आहे, खडकामागची सावली आहे. दुपारी तो त्या सावलीत निजतो, हे त्याच्या प्रकृतीस धरूनच आहे. पण पाचपट-दसपट पैसे देऊन आलेला प्रेक्षक हिरव्या झुडुपाकडे अर्धा तास पाहत उभा राहतो, आणि मग कोणी काचेवर टकटक करतो, कोणी शीळ घालतो, कोणी मुलाला उंच धरून “वाघोबा, ये” अशी हाक मारतो. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यात प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास डिवचण्यास, खाऊ घालण्यास आणि गोंगाटाने त्रास देण्यासही मनाई आहे. चणे-शेंगदाणे फेकणे पुष्कळ कमी झाले. काचेने ते काम कायद्याहून चांगले केले. आवाजाला मात्र काच अडवीत नाही.

या तक्रारीत प्रेक्षकाचा सर्वस्वी दोष आहे, असे म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. तिकिटाचा दर दसपट करताना त्याला जे सांगितले गेले ते ‘पाहा’ असेच सांगितले गेले. आता येथे प्राण्याला लपण्याचा हक्क दिलेला आहे, आणि तुमच्या पन्नास रुपयांतील काही भाग त्या हक्काची किंमत आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. क्वचित एखादी शिक्षिका ते आपणहून सांगते. शाळेची सहल घेऊन आलेली अशी बाई मुलांना काचेपुढे खाली बसविते, बोट ओठांवर ठेवते आणि थांबते. पाच मिनिटे, दहा मिनिटे. कधी गवत हलते आणि कान दिसतो, कधी काहीच दिसत नाही. काही न दिसताच परतलेल्या मुलांना घरी गेल्यावर वाघ कसा होता, हे सांगताना अडचण पडत नाही. गवत कसे होते, तेही ती सांगतात.

बुधवारी बागेला सुट्टी असते. परगावच्या पाहुण्याला घेऊन निघालेला यजमान हे बहुधा विसरतो. भायखळ्याच्या स्थानकापासून चालत आलेली अशी चार-सहा माणसे त्या दिवशी बंद फाटकापाशी येतात, आत वाकून पाहतात. आत झाडेच तेवढी दिसतात. मग आजींना बसावयास जागा शोधली जाते, बांधून आणलेला डबा तेथेच सोडला जातो, आणि आता म्हातारीचा बूट पाहावा की चौपाटीला जावे, याचा विचार सुरू होतो.