एका कंड्युटमधल्या दोन केबल्स



विद्युत ठेकेदार, अभियंते व वायरमन यांच्यासमोर अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे अशी रीत आहे. मी मात्र आज एका पाईपाबद्दल बोलणार आहे. मोटरची पॉवर केबल ज्या कंड्युटमधून जाते, त्यातूनच नेटवर्कची केबलही ओढून घ्यायची, हे आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला कोणी चूक म्हणत नाही. माझ्या मते ती चूक आहे. शिवाय ती पटवून देताना आपण आजवर दोन कारणांपैकी कमकुवत कारणच पुढे करत आलो. आपण म्हणतो, ‘डेटात नॉइज येईल.’ मालक केबल ओढून दाखवतो, पिंग चालते, स्क्रीनवर आकडे दिसतात आणि आपला मुद्दा जागच्या जागी पडतो.

त्यात मालकाचे काही चुकतही नाही. तारांच्या जोडीला पीळ देऊन बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि वजाबाकीत निघून जावा, ही युक्ती टेलिफोनच्या आरंभकाळातली आहे. ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. इथरनेट तिच्यावरच उभे आहे. शिवाय पोर्टमधला छोटा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झला जवळजवळ पलीकडे जाऊच देत नाही. साध्या दिव्यांच्या किंवा हीटरच्या तारेशेजारी नेटवर्क बिघडेल असे जो छातीठोकपणे सांगतो, तो बहुधा हरणार.

पण आजच्या कारखान्यात ५० हर्ट्झ एकटे राहिलेले नाही. मोटरचा वेग बदलणाऱ्या, ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत सुमारे ५९० व्होल्टचा डीसी असतो, आणि मोटरकडे जाणाऱ्या केबलवर तो सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळची चढण ०.१ मायक्रोसेकंदाची धरली, तर दोन केबल्समधल्या प्रत्येक पिकोफॅरड धारितेतून क्षणभर सुमारे ६ मिलिअँपिअर प्रवाह पलीकडे उडी मारतो. पाईपात दोन्ही केबल्स अंगाला अंग लावून वीस-तीस मीटर गेल्या की धारिता एका पिकोफॅरडवर थांबत नाही. यातला बराचसा भाग पिळामुळे रद्द होतो. उरतो तो १ व्होल्टच्या आसपासच्या सिग्नलला पुरतो. एक बिट चुकला तरी सगळी फ्रेम टाकून दिली जाते. संगणक ती गुपचूप पुन्हा मागवतो, म्हणून कार्यालयात कोणाला पत्ता लागत नाही. कारखान्यातली यंत्रे जोडणाऱ्या प्रोफिनेटसारख्या यंत्रणेत मात्र सामान्यतः लागोपाठ तीन फेऱ्यांचा डेटा आला नाही की संपर्क तुटला असे धरले जाते आणि लाइन थांबते. दुपारी तीन मोटरी एकदम सुरू होताना जे घडते, ते सकाळी घेतलेल्या पिंगमध्ये दिसणार कसे? गंमत म्हणजे उपकरणांची सहनशक्ती तपासणाऱ्या आयईसी ६१०००-४-४ या चाचणीत केबल मुद्दाम एक मीटर लांबीच्या धातूच्या क्लॅम्पमध्ये ठेवून तिच्यावर असेच वेगवान झटके चढवतात. प्रयोगशाळेत थोडा वेळ दिला जाणारा तो छळ आपण त्याच केबलला तीस मीटरभर आणि आयुष्यभर देतो.

तरीही माझा मुख्य आक्षेप हा नाही. नेटवर्कच्या बहुतेक केबल्सचे आवरण ४१५ व्होल्टच्या शेजारासाठी बनवलेलेच नसते. कंड्युटमधून केबल ओढताना बेंडवर आवरण खरवडते, आटे पाडलेल्या टोकाची धार लागते, भाराखालची पॉवर केबल वर्षानुवर्षे तापत राहते. पॉवर केबलला आपण मेगर लावून इन्सुलेशन तपासतो. शेजारच्या निळ्या नेटवर्क केबलला कोणी लावत नाही. इन्सुलेशन गेले की २३० व्होल्ट थेट त्या जॅकवर येऊ शकतात, जिथे एखादा मुलगा लॅपटॉप लावणार असतो. नेटवर्कच्या तारेचा व्यास जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि एमसीसीबी हा संरक्षक ब्रेकर निवडलेला असतो पॉवर केबलच्या मापाने. तो पडायच्या आत ती तार जळून जाईल. पोर्टचा ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टच्या चाचणीतून गेलेला असतो, असे कोणी सांगेल. खरे आहे, पण तो आपल्या मागचे सर्किट वाचवतो. क्लिप तुटलेल्या प्लगवर ठेवलेल्या बोटाला त्याचा उपयोग नाही.

आयईसी ६०३६४ या मानकाचा रोख इथेच आहे. कमी दाबाची आणि मुख्य दाबाची सर्किट्स एकत्र न्यायची, तर प्रत्येक केबल तिथल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला टिकणारी हवी; नाहीतर वेगळा कंड्युट, वेगळा कप्पा किंवा मधला पडदा हवा. अमेरिकेची विद्युत संहिता दळणवळणाच्या तारांबाबत यापेक्षा कडक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग ६०० व्होल्टचे आवरण असलेली नेटवर्क केबल वापरू. वापरावी, माझ्या दुसऱ्या आक्षेपाला ते खरे उत्तर आहे, पहिल्याला नाही. शिल्डेड केबल पहिल्याला बरेचसे उत्तर देते, पण तिचे अर्थिंग नीट झाले तरच, आणि आपल्या पॅनेलांतले अर्थिंग आपण सर्व जाणतो. ‘लोखंडी कंड्युट स्वतःच शिल्ड आहे’ हे तर सर्रास ऐकू येते. तो पाईपाबाहेरच्यांना वाचवतो. आत कोंडलेल्या दोघांना एकमेकांपासून वाचवत नाही.

खर्चाची तक्रार मात्र मी गंभीरपणे घेतो. दुसरा कंड्युट, सॅडल, मजुरी हे सगळे बिलात दिसते. थांबलेली लाइन आपल्या बिलात दिसत नाही, मालकाच्या हिशेबात दिसते. म्हणून हा विषय टेंडरच्या वेळीच निघाला पाहिजे. आज नेटवर्कची केबल ‘आयटीवाले’ आणतात, पाईप आपला असतो आणि दोन्ही कामे एकाच ड्रॉइंगवर कधी येत नाहीत. ती आली पाहिजेत, आणि पाईप ज्याचा त्याने त्यात काय शिरते यावर सही केली पाहिजे.

जुन्या कारखान्यांत नव्या पाईपाला जागाच नसते, हेही मान्य. तिथे धातूचा अंश नसलेली ऑप्टिकल फायबर घाला. तिला ना झटका बसतो, ना ती तो पुढे नेते. केबल ट्रे असेल तर मध्ये पत्र्याचा पडदा बसवून त्याला अर्थिंग करा, आणि दोन केबल्स एकमेकींना छेदणारच असतील तर काटकोनात छेदू द्या. सगळे एका शटडाऊनमध्ये होणार नाही. सुरुवात ड्राइव्ह ते मोटर या पाईपांपासून करा. दिव्यांच्या सर्किटचे पाईप नंतर, पण तेही सोडू नका.