तापलेला प्रोसेसर

मे महिन्यात बीड जिल्ह्यात पारा 40 अंशांपुढे जातो. अशा वेळी लिंबागणेशात घरी जोडलेला कॉम्प्युटर तापला तर नवल नाही. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, त्याहून थंड तो करणार कुठून?

पण काहीही काम न करता प्रोसेसर 90 अंशांवर गेला, तर दोष उन्हाचा नाही. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, म्हणून मशीन रखडतं. नव्या जोडणीत हीटसिंकखालचं, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या ठोकळ्याखालचं, प्लास्टिक काढायचं राहून जातं, किंवा हीटसिंकची एखादी पिन नीट बसलेली नसते. विजेची वायर काढून तपासा. हीटसिंक उचललाच, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. जुन्या मशीनमध्ये आधी धूळ झाडा. झाडताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. आणि हो, कॅबिनेटवर कापडी कव्हर घालून मशीन चालवू नका!