आधी वाट, मग सजावट

(मंडळाच्या सभेत केलेलं छोटं भाषण)

‘कमी खर्चात घर कसं सजवावं’ यावर बोला म्हणून निरोप आला, तेव्हा आम्ही दोघं हसलो. आम्ही घर सजवलं नाही. आई पडली म्हणून आवरावं लागलं.

इंदुरातलं आमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. रात्री न्हाणीघराकडे जाताना आई लोखंडी ट्रंकेला अडखळली. मनगट मोडलं. मग डिप्लोमात शिकलेलं ड्रॉइंग कामी आलं. मुलाच्या चौकटीच्या वहीत घराचा नकाशा काढला, 1 चौकट म्हणजे 1 फूट. आईच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत 3 फुटांची वाट आधी मोकळी सोडली आणि मग सामान बसवलं.

ट्रंक पलंगाखाली गेली. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू तिच्यात. स्वयंपाकघरात जड डबे खालच्या फळीवर. चहा, साखर, मिसळणाचा डबा कमरेच्या उंचीवर. आता आईला स्टुलावर चढावं लागत नाही. बाहेरच्या खोलीला जुन्या सुती साड्यांचे पडदे, खर्च फक्त शिलाईचा. रद्दीच्या पैशांतून वाटेवर रात्रीचा छोटा दिवा आला.

यंदा मखरामागे आईचीच जुनी महेश्वरी साडी आहे. विसर्जनानंतर घडी घालून ती पुन्हा ट्रंकेत जाईल.

घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या वाटेनं एकदा चालून पाहा. पायात जे येईल, ते आधी हलवा. सजावट त्यानंतर.

गणपती बाप्पा मोरया!